एकाच केंद्रातल्या चार अंगणवाड्या : तुलना करायची तर काय बघायचं?

जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरला की पहिल्या आठवड्यात मी पुस्तक उघडत नाही. चिंचोक्यांची पिशवी काढते, चार-चार मुलांचे गोल करते, प्रत्येक गोलात दोन मुठी चिंचोके ओतते आणि सांगते, "सगळ्यांना सारखे वाटा." मग गप्प बसून बघते.

मागे एका गोलातली मुलगी एकेक करून वाटत गेली. शेवटी तीन उरले. थोडा वेळ ती त्या तिनांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हे तुमच्याकडेच ठेवा, नाहीतर भांडणं होतील." शेजारच्या गोलातला मुलगा शंभरपर्यंतचे आकडे घडाघडा म्हणत होता. त्याच्याकडे सात चिंचोके मागितले, तर त्याने ओंजळ भरून माझ्यापुढे धरली. दोघंही आमच्याच केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, अंगणवाड्यांतून आलेली. दोघांचेही आईवडील मजुरीला जाणारे, घरची परिस्थिती सारखीच. दोघं ज्या अंगणवाड्यांत तीन वर्षं बसली, त्यांच्यात मात्र मोठा फरक होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. माझ्या वर्गात चार अंगणवाड्यांतली मुलं येतात, त्यामुळे एप्रिल-मे आला की आया विचारायला लागतात, "बाई, धाकट्याला कुठल्या अंगणवाडीत घालू? गावातली बरी की वस्तीवरची?" प्रश्न अगदी रास्त आहे. सगळ्या अंगणवाड्या सरकारीच, मग सारख्याच असणार, असं धरून चालणाऱ्यांपेक्षा हा प्रश्न विचारणारी आई जास्त शहाणी.

आधी कारभार कुणाचा ते समजून घ्या

परदेशात बऱ्याच ठिकाणी गावाच्या शाळा चालवणारं मंडळच बालवर्गही चालवतं. आपल्याकडे तसं नाही. शाळा शिक्षण विभागाची आणि अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. दोन्ही एकाच आवारात, एकाच भिंतीला टेकून असल्या तरी कारभार वेगळा. शाळेवर केंद्रप्रमुखाचं लक्ष असतं. अंगणवाडीवर पर्यवेक्षिकेचं, म्हणजे जिला गावात अजूनही मुख्यसेविका म्हणतात तिचं. तिच्या वर तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी. 'बीट', म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा भाग, हा शब्द दोन्ही विभागांत चालतो, पण शिक्षणाचं बीट आणि अंगणवाड्यांचं बीट यांच्या हद्दी जुळतीलच असं नाही. त्यामुळे होतं काय, की मुलं शेवटी ज्या शाळेत जाणार तिथल्या बाईंना अंगणवाडीत काय चाललंय हे अधिकृतपणे कळायची सोय फारशी नसते. आणि अंगणवाडीच्या ताईंना आपण घडवलेली मुलं पुढे कशी निघाली, हे कुणी येऊन सांगत नाही.

हे असं का, याचं मूळ कायद्यात आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम ११ तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल बोलतं, पण सरकार अशी सोय 'करू शकेल' एवढंच म्हणतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ४५ मध्येही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण आलं, पण राज्याने करायचा प्रयत्न म्हणून. पहिलीच्या मुलासाठी आपण हक्काने भांडू शकतो. चार वर्षांच्या मुलासाठी आपल्याला विनंती करावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पाच वर्षांचा पायाभूत स्तर मानला, म्हणजे अंगणवाडी, पहिली आणि दुसरी कागदावर एका माळेत आली. जमिनीवर अजून दोन विभाग आणि दोन हजेरीपटच आहेत.

महाराष्ट्राला तर या विषयाचा मोठा वारसा आहे. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, कारण त्यांना धाकटी भावंडं सांभाळायची असतात आणि गुरं राखायची असतात, हे त्यांनी पाहिलं. मग त्या दोघीच बालवाडी घेऊन पाड्याच्या अंगणात गेल्या. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. पुढे हे काम कोसबाडला वाढलं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, त्यात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी होती. आज राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. मुलाच्या दाराशी जायचं, त्याच्या भाषेत बोलायचं, त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंनी शिकवायचं, हा मूळचा विचार ज्या अंगणवाडीत अजून जिवंत आहे ती मी चांगली मानते.

ताईंचा दिवस कुठे जातो?

तुलना करण्याआधी हे समजून घेतलं नाही तर आपण ताईंवर अन्याय करू. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज असेल त्याला दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा अंगणवाडीने द्यायच्या असतात. म्हणजे 'शाळा' हे सहातलं एक काम. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी. तेवढ्या वस्तीतल्या गरोदर माता, स्तनदा माता आणि सहा वर्षांखालची सगळी मुलं एका सेविकेच्या यादीत. तीन वर्षांखालच्या मुलांचा घरी न्यायचा आहार वाटायचा, वजन-उंची घ्यायची, कुपोषण ओळखायला दंडाला मापाची पट्टी लावायची, गृहभेटी करायच्या, आणि हे सगळं मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरायचं. अनेक ताईंकडे मतदार यादीचं कामही असतं. वर मानधन, पगार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. त्याच्या मुळाशी हेच होतं.

केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' सुरू करताना रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षणाला द्यायचे असं ठरवलं. खरी तुलना इथे आहे. आमच्या केंद्रातल्या चारही अंगणवाड्यांना तीच भांडी, तेच वेळापत्रक, तीच चित्रं मिळतात. फरक पडतो तो ते दोन तास खरोखर मुलांच्या वाट्याला येतात का, यात.

हे फक्त माझं मत नाही. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या अंगणवाड्यांना शिकवण्यासाठी म्हणून एक अर्धवेळ कार्यकर्ती जास्तीची दिली. दीड वर्षाने पाहिलं तर तिथला शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलं भाषेत आणि गणितात पुढे गेली होती, आणि कुपोषणही घटलं होतं. कारण सेविकेचे हात पोषणाच्या कामाला मोकळे झाले. इमारत तीच, खाऊ तोच. फक्त माणूस एक वाढलं.

म्हणून अंगणवाडी बघायला गेलात की पहिला प्रश्न हा : मदतनीस आहे का? कागदावरची जागा विचारू नका, आज हजर आहे का ते विचारा. मदतनीस नसेल तर एकट्या सेविकेलाच सगळं ओढावं लागतं. मदतनीस असेल तर दुसरा प्रश्न, ताई उठून गेल्या की मुलांजवळ ती बसते का? आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत मी हे पाहिलं आहे. ताई मुलांना मातीच्या गोळ्याच्या भाकरी करायला लावत होत्या. एका मुलाला विचारलं, "कुणासाठी रे ही?" तो म्हणाला, "आजीसाठी. तिला दात नाहीत, म्हणून पातळ केली." ताई म्हणाल्या, "मग आजीला कालवण काय देशील?" एवढ्यात आहाराची गाडी आली. ताई पोती मोजून घ्यायला बाहेर गेल्या. मदतनीस चुलीजवळून उठली, पदराला हात पुसत मुलाजवळ बसली आणि म्हणाली, "सांग की, कालवण कशाचं?" गप्पा तुटल्या नाहीत. दुसऱ्या एका अंगणवाडीत अशाच वेळी मुलांना "हाताची घडी, तोंडावर बोट" सांगून बसवलं होतं आणि अर्धा तास ती तशीच बसली होती.

ते उरलेले तीन चिंचोके मला परत देणारी मुलगी याच वस्तीवरची.

तासभर बसा

एक तास द्या. ठरवून, कळवून जाऊ नका. कार्यक्रमाच्या किंवा साहेब येणार त्या दिवशीही जाऊ नका. साधा मंगळवार-बुधवार बघा, सकाळी अकराच्या आसपास.

सगळ्यात आधी मुलं मोजा. पटावर किती आणि समोर किती? तीसच्या पटात रोज बारा मुलं बसत असतील तर उरलेल्यांच्या आयांना काहीतरी माहीत आहे, त्यांच्याशी बोला. कधी कारण साधं असतं, वाटेत ओढा आहे किंवा हमरस्ता ओलांडावा लागतो. तीन वर्षांच्या मुलाला रोज सोडायला-आणायला कुणी नसेल तर लांबच्या उत्तम अंगणवाडीपेक्षा जवळची मध्यम अंगणवाडी बरी, कारण मूल तिथे रोज जाईल. रोज जाण्याला या वयात फार किंमत आहे.

मग कान द्या. कोण बोलतंय? ताई सांगतात आणि मुलं एका सुरात पुन्हा म्हणतात, एवढंच चालू असेल तर तो पाठांतराचा वर्ग झाला. मुलं स्वतःहून काही सांगतायत, ताई उलट विचारतायत, एखादं मूल घरच्या बोलीत बोललं तर त्याला 'असं नाही, असं म्हण' करून न थांबवता ताई त्याच बोलीत पुढे बोलतायत, असं दिसलं तर समजा जागा चांगली आहे. अहिराणी, कोरकू, गोंडी, वारली, पावरी, जी घरची भाषा असेल ती मुलाच्या विचाराची भाषा असते. सेविका त्याच गावची असावी असा नियम आहे, त्याचा खरा फायदा इथे होतो.

आता वस्तू बघा. ठोकळे, चित्रांच्या चकत्या, मणी, रंगीत पट्ट्या कुठे आहेत? मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या मांडणीवर, की कपाटात कुलूपबंद, वरच्या प्लॅस्टिकसकट? "मोडतील, मग मोजणीला काय दाखवू?" ही ताईंची भीती खरी आहे, त्यांना हिशेब द्यावा लागतो. पण कपाटातलं खेळणं मुलाला काही शिकवत नाही. मला स्वतःला तर झिजलेले, एखादा कोपरा उडालेला, असे ठोकळे दिसले की बरं वाटतं.

संडास-पाण्याचं मात्र थोडक्यात सांगते : संडासाला कुलूप आहे का, आत पाणी आहे का, हात धुवायला साबण आहे का. तिन्हींचं उत्तर बरोबर आलं तर पुढे चला.

खिचडीच्या वेळेपर्यंत थांबा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ठरलेले उष्मांक आणि प्रथिनं मिळतील एवढा आहार द्यायचा असतो. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळीही असतात. ताटात डाळ दिसते का, भाजी आहे का, मूल मागतं तर परत वाढतात का, हे डोळ्यांनी कळतं. आणि वजनाचं विचारा. ज्या ताईंना तुमच्या मुलाचं मागच्या महिन्यातलं वजन आणि या महिन्यातलं वजन, दोन्ही सांगता येतं, त्या ताई आपलं मूल ओळखतात.

कशाला भुलू नये

भिंतींवरच्या रंगीत चित्रांना. मीही भुलले आहे. काही वर्षांपूर्वी एका सुंदर रंगवलेल्या, टीव्ही लावलेल्या अंगणवाडीची मी जिथे तिथे स्तुती करत होते. चार आयांना मीच तिथे जा म्हणून सांगितलं. त्यांची मुलं पहिलीत माझ्याकडे आली तेव्हा लक्षात आलं की ती बघायला शिकली होती, बोलायला नाही. नुसती समोर बघत बसायची. गोष्ट सांगून 'पुढे काय झालं असेल?' विचारलं की माझ्याच तोंडाकडे उत्तर शोधायची. त्या चार आयांना मी चुकीचा सल्ला दिला, याची मला आजही हळहळ वाटते. तेव्हापासून स्वतः तासभर बसल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही.

दुसरी भूल लिहिण्याची. चौथ्या वर्षी पाटीभर 'अ आ इ' काढून दाखवणारं मूल बघून घरचे खूश होतात. पालकांचा आग्रह असतो म्हणून ताईही पाटीवर बसवतात, नाहीतर पट फुटून मुलं खासगीकडे जातात. पण बोटांत अजून बळ आलेलं नसतं. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, शेंगा सोलणं, याने जे बळ येतं त्यावर पुढे अक्षर सुबक होतं. राज्याचा अंगणवाड्यांसाठीचा 'आकार' हा अभ्यासक्रम आणि २०२४ मध्ये आलेला केंद्र सरकारचा 'आधारशिला' हा अभ्यासक्रम, दोन्हींचा भर खेळातून शिकण्यावर आहे. तेव्हा कुणी म्हणालं, "तिथे नुसती खेळवतात", तर ती अंगणवाडी आधी बघून या.

शहरात असाल तर

शहरात निवड जास्त आणि गोंधळही जास्त. नागरी बालविकास प्रकल्पाच्या अंगणवाड्या बहुधा भाड्याच्या एका खोलीत असतात, आणि महापालिकेच्या बालवाड्या बहुधा शाळेच्या इमारतीत. बालवाडीचा मोठा फायदा म्हणजे तिथून पहिलीला जाताना मुलाला जिना तोच, मैदान तेच, मावशी त्याच. अंगणवाडीचा फायदा म्हणजे वजन, लसीकरण आणि आहार हे सगळं एका ताईच्या नजरेखाली असतं. काही जण २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत प्रवेश घेतात, तो मार्ग वेगळा. तपासणी मात्र सगळीकडे तीच : तासभर बसा, मुलं मोजा, कोण बोलतंय ते ऐका.

तुलना मेळाव्यातही करता येते

२०२२ पासून आपल्याकडे 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. पहिलीत येणारं मूल एकेका टेबलाशी जातं : शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी. दोरीवरून चालणं, वस्तूंचं वर्गीकरण, चित्र बघून बोलणं, कमी-जास्त ओळखणं. प्रत्येक मुलाचं विकासपत्र भरतात. आया याकडे परीक्षा म्हणून बघतात आणि मूल अडलं की शेजारून कुजबुजत उत्तर सांगतात. तसं करू नका. मूल कुठे अडतं ते बघा, घरी येऊन त्यावरच खेळा. आणि धाकटं मूल अजून घरात असेल तर मेळाव्यात दुसऱ्या वस्तीची मुलंही नीट बघा. चित्राच्या टेबलाशी एखाद्या अंगणवाडीची सगळीच मुलं मोकळेपणाने बोलत असतील तर तिथल्या ताईंना भेटा. एक मूल हुशार असणं घरामुळे असू शकतं. दहाच्या दहा बोलकी असली तर त्यामागे ताई आहेत.

तुलना करून झाली आणि तुमचीच अंगणवाडी मागे पडली तर? शेजारची जवळ असेल तर मुलाचं नाव तिथे हलवून घेता येतं, पर्यवेक्षिकेशी बोला. पण वस्तीतल्या सगळ्यांनाच ते जमत नाही, आणि बोलक्या आया निघून गेल्या की मागे राहिलेल्या मुलांचं आणखी नुकसान होतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून मी आधी दुसरं सुचवते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. बऱ्याच गावांत ते पैसे कुठे जातात हे कुणी विचारत नाही.

आमच्या केंद्रातल्या एका गावात माता गटातल्या सहाजणी ग्रामसभेत उभ्या राहिल्या. त्यांनी रंगरंगोटी मागितली नाही, टीव्ही मागितला नाही. मदतनीसची रिकामी जागा भरावी म्हणून प्रकल्प कार्यालयाला पत्र द्या, आणि दहा टक्क्यांतून एक मांडणी करून द्या, एवढंच म्हणाल्या. मांडणी केवढी हवी असं सरपंचांनी विचारलं, तेव्हा एकीने आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला पुढे उभं केलं, त्याचा हात वर धरला आणि म्हणाली, "दादा, एवढी. ह्याच्या वर नको."